बुबुळ नसलेली सहा मुलं

१९६४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले डॉ. रॉबर्ट मिलर आणि त्यांचे सहकारी ४४० मुलांचे केसपेपर वाचत होते. या सगळ्या मुलांना एकच आजार झाला होता, विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणारी कर्करोगाची गाठ. मिलर मूळचे बालरोगतज्ज्ञ. गाठ केवढी होती, कुठपर्यंत पसरली होती, यापेक्षा त्यांना त्या मुलाच्या बाकीच्या शरीरात रस होता. जन्मतः काही व्यंग होतं का? एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड होता का? डोळे कसे होते? वाचता वाचता त्यांना सहा मुलं अशी आढळली की ज्यांच्या डोळ्यांत बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जन्मापासूनच नव्हता. वैद्यकात याला ॲनिरिडिया म्हणतात. साधारण ५० हजार ते एक लाख जन्मांमागे एखाद्या मुलात हा दोष असतो. ४४० मुलांत तो एकदाही दिसण्याची शक्यता फार थोडी होती. इथे तो सहा वेळा दिसला.

याला योगायोग म्हणणं शक्यच नव्हतं. त्याच नोंदींत शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असलेली मुलंही होती, जननेंद्रियांची किंवा मूत्रमार्गाची जन्मजात व्यंगं असलेलीही होती. मिलर यांच्या त्या निबंधापासून एक विचार बालकर्करोगाच्या अभ्यासात पक्का रुजला: लहान मुलांमधलं जन्मजात व्यंग आणि गाठ यांचा उगम पुष्कळदा एकाच ठिकाणी असतो. गर्भात अवयव घडत असताना झालेला एकच बिघाड डोळ्यात व्यंग म्हणून दिसतो आणि मूत्रपिंडात काही वर्षांनी गाठ म्हणून.

मोठ्या माणसांच्या कर्करोगाबद्दल आपल्याला जे ठाऊक असतं, ते इथे फारसं उपयोगी पडत नाही. तंबाखू, दारू, वाढतं वय, वर्षानुवर्षं पेशींची होत गेलेली झीज, यातलं काहीच तीन वर्षांच्या पोराच्या बाबतीत खरं नसतं. विल्म्स ट्यूमर साधारण दहा हजार मुलांमागे एकाला होतो आणि बहुतेक वेळा तीन-चार वर्षांच्या वयात लक्षात येतो. मूल बहुधा चांगलं खेळतं-खातं असतं. आई किंवा आजी अंघोळ घालताना, कपडे बदलताना पोटाच्या एका बाजूला काहीतरी टणक हाताला लागतं. कधी लघवीतून रक्त जातं, कधी रक्तदाब वाढलेला सापडतो, पण बऱ्याच मुलांत हाताला लागलेली गाठ हे एवढंच लक्षण असतं.

ज्यांचं नाव या गाठीला मिळालं ते माक्स विल्म्स हे जर्मन शल्यचिकित्सक. शस्त्रक्रियेकडे वळण्याआधी त्यांनी पॅथॉलॉजीचं शिक्षण घेतलं होतं. १८९९ साली त्यांनी मूत्रपिंडातल्या मिश्र गाठींवर एक प्रबंध लिहिला. अशा गाठी त्याआधीही लोकांनी पाहिल्या होत्या. पण एकाच गाठीत मूत्रपिंडाच्या नळ्यांसारखे भाग, स्नायूंसारखे धागे आणि कशातच न मोडणाऱ्या बारीक गोल पेशी एकत्र का सापडतात, याचा उलगडा होत नव्हता. या तिन्ही गोष्टी गर्भातल्या एकाच प्रकारच्या मूळ पेशींपासून निघतात, असं विल्म्सनी मांडलं. गुणसूत्रांविषयीचं ज्ञान बाल्यावस्थेत असताना, निव्वळ काचपट्टीवर पाहून काढलेला हा निष्कर्ष आजही टिकून आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ मध्ये, घटसर्प झालेल्या एका फ्रेंच युद्धकैद्याच्या घशावर त्यांनी शस्त्रक्रिया केली. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि ते दगावले. वय अवघं पन्नास.

विल्म्स म्हणत होते त्या मूळ पेशींचं काम समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. गर्भात मूत्रपिंड तयार होतं ते दोन ऊतींच्या भेटीतून. एक मूत्रवाहिनीचा कोंब आणि दुसरा त्याभोवती जमलेला अविकसित पेशींचा पुंजका, म्हणजे ब्लास्टेमा. कोंब फांद्या फोडत जातो आणि प्रत्येक फांदीच्या टोकाशी ब्लास्टेमाच्या पेशी गाळण्या आणि नळ्या बनवत जातात. गरोदरपणाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत हे काम संपतं. ब्लास्टेमा सगळाच्या सगळा वापरला जातो. त्यानंतर माणसाच्या मूत्रपिंडात आयुष्यभर एकही नवी गाळणी तयार होत नाही.

काही बाळांत मात्र थोडा ब्लास्टेमा तसाच शिल्लक राहतो. इतर कारणांनी दगावलेल्या अर्भकांच्या शवविच्छेदनात शंभरातल्या सुमारे एका बाळाच्या मूत्रपिंडात असे अवशेष सापडले आहेत. विल्म्स ट्यूमर होण्याचं प्रमाण त्याच्या शंभर पटींनी कमी. म्हणजे बहुतेक अवशेष आपोआप विरून जातात आणि मुलाला त्याचा पत्ताही लागत नाही. एखादाच वाढत राहतो आणि त्यातून गाठ होते. विल्म्स ट्यूमर झालेल्या मूत्रपिंडांत, गाठीच्या आसपासच्या निरोगी वाटणाऱ्या भागात, तीनातल्या एका तरी मुलात हे अवशेष दिसतात. त्यांची जागाही बोलकी असते. मूत्रपिंडाच्या खंडांच्या कडेला असतील तर बिघाड गर्भावस्थेत उशिरा झाला. खंडांच्या आत खोलवर असतील तर फार आधी. ज्या मुलांत बुबुळ नसतं, त्यांचे अवशेष बहुधा खोल असतात. ज्यांचं शरीर जन्मतःच अवाजवी मोठं असतं, त्यांचे कडेला.

मिलर यांच्या सहा मुलांचं कोडं गुणसूत्रांनी सोडवलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अशा मुलांच्या ११व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूतला एक तुकडा गळलेला आढळला. त्या तुकड्यात दोन जनुकं शेजारी शेजारी असतात: डोळा घडवणारं पॅक्स६ आणि मूत्रपिंड व जननेंद्रियं घडवणारं डब्ल्यूटी१, ज्याचा शोध १९९०मध्ये लागला. तुकडा मोठा असेल तर दोन्ही जातात. डोळ्याचा पडदा तयार होत नाही आणि मूत्रपिंडावरचा पहाराही अर्धा उठतो. अशा मुलांपैकी जवळपास निम्म्यांना विल्म्स ट्यूमर होतो. पण ज्या घराण्यांत बुबुळ नसण्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो, तिथे बहुतेक वेळा फक्त पॅक्स६ बिघडलेलं असतं, शेजारचं जनुक शाबूत असतं. त्यांना गाठीचा वाढीव धोका नाही. बुबुळ नसलेल्या नवजात बाळाची जनुकीय तपासणी करायची ती यासाठी. तिच्या उत्तरावर ठरतं की त्या मुलाला सात-आठ वर्षांचं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी लागणार, की आईवडिलांनी गाठीची काळजी मनातून काढून टाकावी.

पॅथॉलॉजी म्हटलं की आपल्याकडे कोपऱ्यावरची रक्त-लघवी तपासणारी लॅब डोळ्यासमोर येते. बालरोगांच्या पॅथॉलॉजिस्टचं काम त्याहून फार वेगळं आहे, आणि या विषयात त्या लोकांनी जे करून ठेवलं आहे त्याची दखल रुग्णालयाबाहेर क्वचितच घेतली जाते. ब्रूस बेकविथ हे त्यांतले एक अमेरिकी डॉक्टर. १९६३ साली त्यांनी लॉस एंजेलिसमधल्या एका बैठकीत तीन बालकांच्या शवविच्छेदनांची माहिती मांडली. तिन्ही मुलं एकमेकांच्या नात्यातली नव्हती. तिघांच्याही बेंबीतून आतडी बाहेर आलेली होती, मूत्रपिंडं आणि स्वादुपिंड वाजवीपेक्षा मोठे होते आणि अधिवृक्क ग्रंथीतल्या पेशी प्रचंड फुगलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी जर्मनीत हान्स-रुडॉल्फ वीडेमान यांनी तीन भावंडांची हकिगत लिहिली. बेंबीचा तसाच दोष, शिवाय तोंडात न मावणारी जीभ. दोघांनी जगाच्या दोन टोकांना पाहिलेला विकार एकच होता. आज त्याला बेकविथ-वीडेमान सिंड्रोम म्हणतात.

हा विकार साधारण दहा ते चौदा हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. जन्मतः वजन जास्त, जीभ मोठी, बेंबी फुगलेली, कानाच्या पाळीवर चिरा किंवा कानामागे बारीक खळगे, कधी एक हात-पाय दुसऱ्यापेक्षा जाड. जन्मानंतर पहिल्या काही तासांत रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते आणि तिकडे लक्ष गेलं नाही तर मेंदूला इजा होते. कारण पुन्हा ११व्या गुणसूत्रावरच आहे, पण तऱ्हा निराळी. वाढीला चालना देणारं आयजीएफ२ हे जनुक आपल्याला आई आणि वडील दोघांकडून मिळतं. निसर्गनियमाने वडिलांकडची प्रत चालू असते आणि आईकडची बंद. काही बाळांत दोन्ही प्रती चालू राहतात. काहींत वाढीला आवर घालणारं शेजारचं जनुक गप्प होतं. जनुकाची अक्षरं जशीच्या तशी असतात, बिघडलेली असते ती त्यांच्यावरची रासायनिक खूण. शिवाय हा बिघाड शरीराच्या सगळ्या पेशींत असतोच असं नाही. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येऊनही मुलाला आजार असू शकतो. मोठी जीभ शस्त्रक्रियेने लहान करताना कापलेला तुकडा तपासला तर त्यात तो सापडतो. तो तुकडा टाकून देणं म्हणजे हातातलं निदान घालवणं.

या सिंड्रोमच्या सगळ्याच मुलांना गाठ होत नाही. कोणत्या प्रकारचा बिघाड आहे यावर धोका ठरतो. एका गटात तो जवळपास चौघांत एक इतका जास्त असतो, तर दुसऱ्या एका मोठ्या गटात शेकडा तीनच्या आसपास. मूत्रपिंडाबरोबर यकृताचीही गाठ होऊ शकते, म्हणून सोनोग्राफीबरोबर पहिली काही वर्षं रक्तातलं अल्फा-फीटोप्रोटीन तपासतात. तीन महिन्यांचं अंतर ठेवण्यामागे कारण आहे. या गाठी भराभर वाढतात. सहा महिन्यांपूर्वीची नॉर्मल सोनोग्राफी आज धीर देऊ शकत नाही.

आता गाठ काढल्यानंतरची गोष्ट. शस्त्रक्रियागृहातून मूत्रपिंड पॅथॉलॉजिस्टकडे अखंड यावं लागतं. कुणी उत्सुकतेपोटी ते टेबलावरच कापून पाहिलं, तर आवरण आधीच फुटलं होतं की कापताना फुटलं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. आणि या एका मुद्द्यावर मुलाला द्यायचे उपचार बदलतात. पॅथॉलॉजिस्ट आधी वजन करतात, फोटो काढतात, बाहेरून सगळीकडे शाई लावतात, मगच कापतात. काचपट्टीवर गाठीच्या पेशी त्या शाईला भिडलेल्या दिसल्या तर काही गाठ आत राहिली असण्याची शक्यता धरावी लागते. वजनालाही अर्थ आहे. मूल दोन वर्षांच्या आतलं, गाठ मूत्रपिंडापुरती, पेशी सौम्य ठेवणीच्या, लसीका ग्रंथी स्वच्छ आणि मूत्रपिंडासह गाठीचं वजन ५५० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर अमेरिकेतल्या पद्धतीनुसार अशा मुलाला नुसती शस्त्रक्रिया पुरते, केमोथेरपी लागतच नाही. मात्र सर्जनने लसीका ग्रंथी काढून पाठवल्याच नसतील तर हा निर्णय घेता येत नाही.

मग फॉर्मॅलिन, मेणाचे ब्लॉक, कागदाहून पातळ काप, जांभळा-गुलाबी रंग आणि सूक्ष्मदर्शक. विल्म्सनी सांगितलेले तीन घटक ओळखायला येतात. त्यात शोधायची मुख्य गोष्ट म्हणजे ॲनाप्लेशिया. केंद्रकं शेजारच्यांच्या तिप्पट मोठी, गडद, आणि विभाजन होताना गुणसूत्रं दोनऐवजी तीन-चार दिशांना ओढली जाणारी. १९७८ साली बेकविथ आणि त्यांचे सहकारी पामर यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विल्म्स ट्यूमर अभ्यासातल्या शेकडो काचपट्ट्या तपासून दाखवलं की ज्यांच्या गाठी अशा होत्या त्या थोड्याच मुलांच्या वाट्याला मृत्यूंचा फार मोठा हिस्सा आला होता. बाकीच्या बहुसंख्य मुलांना इतक्या कडक औषधांची गरजच नव्हती.

याच चाळणीतून दुसरे आजार वेगळे निघाले. ज्यांना आधी सरसकट विल्म्स म्हटलं जायचं त्यांतली एक गाठ हाडांत पसरते, ती क्लिअर सेल सार्कोमा. तिला डॉक्सोरुबिसिन हे औषध आवर्जून लागतं, आणि ते मिळू लागल्यावर मुलांचं जगणं स्पष्टपणे वाढलं. दुसरी रॅब्डॉइड ट्यूमर, फार आक्रमक. तिच्यासाठी आज आयएनआय१ या प्रथिनाचा रंग वापरतात. निरोगी पेशींची केंद्रकं तपकिरी होतात आणि गाठीची केंद्रकं तशीच निळी राहतात. याच्या अगदी उलट टोकाला नवजात बाळांची मेसोब्लास्टिक नेफ्रोमा ही गाठ. १९६७ साली रॉबर्ट बोलांडे यांनी ती वेगळी ओळखून दिली. त्याआधी तिच्यावरही विल्म्ससारखेच उपचार व्हायचे. ही गाठ बहुतेक वेळा नुसती काढून टाकली की बाळ बरं होतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला गरज नसलेलं किरणोपचाराचं आणि केमोचं ओझं चुकीच्या निदानामुळे सोसावं लागणं किती वाईट, हे वेगळं सांगायला नको.

उपचारांचा इतिहासही पॅथॉलॉजीच्या टेबलापासूनच सुरू होतो. बोस्टनच्या बालरुग्णालयातले सिडनी फार्बर हे पेशाने पॅथॉलॉजिस्ट. शवविच्छेदनात लहान मुलं पाहून पाहून ते जिवंत मुलांच्या उपचारांकडे वळले आणि १९५०च्या दशकात त्यांनी ॲक्टिनोमायसिन-डी हे मातीतल्या जिवाणूपासून मिळणारं औषध विल्म्स ट्यूमरवर वापरलं. दुसरं मोठं औषध व्हिन्क्रिस्टीन. ते सदाफुलीपासून मिळतं. महाराष्ट्रात कुंपणाकडेला, डब्यात, देवळाच्या आवारात बारमाही फुलणारी तीच सदाफुली. झाडात हा अंश इतका अल्प असतो की थोड्याशा औषधासाठी टनावारी पानं लागतात. (घरची पानं उकळून मुलाला पाजण्याचा विचारही करू नये. ते विषारी आहे.) या दोन औषधांनी, शस्त्रक्रियेने आणि गरजेपुरत्या किरणोपचारांनी प्रगत देशांत विल्म्स ट्यूमरची दहांतली नऊहून अधिक मुलं आज बरी होतात.

अमेरिकेत आधी गाठ काढतात आणि मग औषध देतात. युरोपीय पद्धतीत साधारण चार आठवडे औषध देऊन गाठ लहान करतात आणि मग काढतात. गाठ फार मोठी होऊन येणाऱ्या मुलांसाठी ही दुसरी पद्धत सोयीची ठरते, म्हणून भारतातही अनेक केंद्रं ती वापरतात. पण मग काचपट्टीचा अर्थ बदलतो. औषधाआधी भरपूर ब्लास्टेमा दिसला तर फारसं बिघडत नाही. औषधानंतरही तो तसाच उरला असेल, तर ती गाठ औषधाला दाद न देणारी, जास्त धोक्याची. म्हणून मुलाला आधी केमो दिली आहे का, हे अर्जावर लिहिलेलं नसेल तर उत्तम पॅथॉलॉजिस्टचाही रिपोर्ट चुकू शकतो.

दुर्मीळ गाठींचं निदान एकट्या माणसाने करायचं काम नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या वाट्याला रॅब्डॉइड ट्यूमर अख्ख्या कारकिर्दीत एकदाही येणार नाही, किंवा आला तर एकदाच येईल. अमेरिकेच्या अभ्यासात देशभरातल्या काचपट्ट्या एका केंद्राकडे जात आणि तिथे पुन्हा पाहिल्या जात. बेकविथना जे दिसलं ते या व्यवस्थेमुळे दिसलं. महाराष्ट्रात परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे, १९४१ पासून, गावोगावचे लोक याच विश्वासाने धावतात. पण अनेक कुटुंबं तिथे पोचतात ती नुसता छापील रिपोर्ट घेऊन. ब्लॉक आणि काचपट्ट्या आधीच्या लॅबमध्ये राहिलेल्या असतात. त्या आणायला परत गावी माणूस पाठवायचा, आणि तोवर उपचार थांबलेले.

जन्मजात व्यंगांचंही तसंच. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्याची सुरुवात आपल्या पालघरमधून झाली. त्यातली पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, जन्मजात मोतीबिंदू, हृदयाचे दोष यांकडे त्यांचं लक्ष असतं, आणि त्यामुळे असंख्य मुलांना वेळेवर उपचार मिळाले आहेत. बाहुलीभोवती रंग नसलेला डोळा, तोंडात न मावणारी जीभ, एक पाय जाड असलेलं मूल, अंडकोष खाली न उतरण्याबरोबर लघवीची जागा चुकलेलं मूल यांनाही पोटाच्या सोनोग्राफीची चिठ्ठी त्याच पथकाने द्यायला हवी. सोनोग्राफी मशीन आता तालुक्याला आहे. कमी पडतं ते डोळा पाहिल्यावर मूत्रपिंड आठवणं.

घरात असं मूल असेल तर आईवडिलांनी बालरोगतज्ज्ञांना सरळ विचारावं की याला दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी लागेल का, आणि जनुकीय तपासणी कुठे होईल. पोटात गाठ लागली तर ती घरच्या सगळ्यांनी पुन्हा पुन्हा दाबून पाहू नये, आवरण फुटू शकतं. आणि गाठ कुठेही काढली तरी रिपोर्टसोबत मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्याव्यात, मुलाच्या नावासह नीट जपून ठेवाव्यात आणि पुढच्या डॉक्टरांकडे जाताना सोबत न्याव्यात.